महबूल्याची शेरीफ

शैला,

तुझ्या शोकसभेत मी एक अक्षरही बोलले नाही. तुझ्या कानावर आलंच असेल, तुझ्या कानावर काय येत नव्हतं? खाली बेसमेंटमध्ये चटया अंथरल्या होत्या, खुर्चीवर तुझा फोटो ठेवला होता, आणि एकेक जण उठून आपण तुझ्या किती जवळचे होतो ते सांगत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या केरळी बाई हुंदके देऊन रडल्या. आपला हारिस अब्दू, म्हणजे इमारतीचा रखवालदार, तो तर नुसता 'मामा शैला, मामा शैला' म्हणत उभा राहिला, त्यांच्याकडे मामा म्हणजे आई. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. आणि खरं सांगू? तेव्हाही मला तुझा हेवा वाटत होता. मेली तरी हिच्याचभोवती गर्दी, असं मनात आलं. आलं ते आलं, आता तुझ्यापासून काय लपवायचं.

सभा संपल्यावर सगळे माझ्याकडे वळले. 'नलिनीताई, आता सुरक्षाप्रमुख तुम्हीच,' म्हणाले. निवडणूक नको, चिठ्ठ्या नकोत, सगळ्यांचं एकमत. सात वर्षांपूर्वी हेच ऐकायला मी जीव टाकत होते. मी 'बघते' म्हटलं आणि वर निघून आले. ज्या मंगळवारी तू गेलीस, त्या संध्याकाळी तुझ्यामाझ्या घरांमधल्या भिंतीच्या अलीकडे बसून मी पावणेदोन तास काय करत होते, ते त्यांना ठाऊक नाही. ते सांगायचं की गिळून टाकायचं, हे ठरत नाही म्हणून हे लिहायला बसले आहे. पण तुला माझी सवय माहीत आहे, मी सुरुवातीपासून सुरुवात करते.

निवडणूक कशावरून झाली ते आठवतं ना? त्या महिन्यात कुवेतमधल्या या महबूल्यात, आपल्याच इमारतीत, भर दुपारी तिसऱ्या मजल्यावर चोरी झाली. आठवड्याभरातच आपल्या बसथांब्यावर साध्या कपड्यांतल्या दोघांनी 'पोलीस, बताका दाखव' म्हणून एका नर्सला अडवलं. ओळखपत्र काढायला तिनं पर्स उघडली आणि ते पर्स घेऊन पळाले. सगळी इमारत हादरली. वीस घरं, घरटी एक मत, आणि इमारतीच्या सुरक्षेसाठी कुणीतरी एक प्रमुख निवडायचा, असं ठरलं. मी लगेच नाव दिलं. का नाही देणार? एका मोठ्या कंपनीच्या सेफ्टी विभागात मी सेक्रेटरी. सुरक्षेची जाडजूड पुस्तकं माझ्या हातून टाइप होऊन जात होती. मी सात पानांचा आराखडा केला. कुलपांचे प्रकार, येणाऱ्याजाणाऱ्याची वही, जिन्यात दिवे, हारिसवर देखरेख. प्लॅस्टिकच्या फोल्डरात घालून प्रत्येक घरी एक प्रत दिली.

आणि तू! तू सभेला वीस मिनिटं उशिरा आलीस, हॉस्पिटलच्या लॅबमधून थेट, अंगावर तोच पांढरा कोट. हातात कागदाचा कपटा नाही. 'मला फार काही येत नाही,' म्हणून सुरुवात केलीस. मी मनात म्हटलं, चला, जिंकलो. मग तू विचारलंस, 'आपल्या हारिसचं नाव कोणाला माहीत आहे?' कोणालाच नव्हतं. मलासुद्धा नाही, आणि माझ्या आराखड्यात तर त्याच्यावर एक अख्खं पान होतं. 'अब्दू नाव त्याचं,' तू म्हणालीस. 'त्याला तीन मुली आहेत. ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही, तो आपल्या दाराची राखण कशाला करील?'

मग तू नव्वद सालचं सांगितलंस. इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं तेव्हा तुम्ही नवराबायको, तू आणि प्रभाकरभावजी, सालमिया भागात राहत होतात. दाराला तीन कुलपं होती, तिन्ही फुटली. वाचवलं ते वरच्या मजल्यावरच्या पॅलेस्टिनी बाईनं. तुमच्या घरात माणसं किती, कोण आजारी आणि पीठ कधी संपतं, हे तिला माहीत होतं. ती खाली येऊन दारात उभी राहिली आणि ओरडून ओरडून तिनं त्या शिपाई पोरांना परतवलं. 'कुलूप तुमका ओळखत नाही,' तू म्हणालीस, 'शेजारीण ओळखते.' भावना अनावर झाल्या की तुझं वेंगुर्लं बाहेर यायचं. मी तर चौऱ्याण्णव साली आलेली. तुझ्याकडे युद्ध होतं आणि माझ्याकडे फोल्डर. हा काय सामना झाला?

मतमोजणी मीच करणार म्हणून मी हट्ट धरला, कारण तुमच्या कोणाच्या हिशेबीपणावर माझा विश्वास नव्हता. चौदा तुला, सहा मला. आणि त्या चौदांत एक चिठ्ठी होती, तिच्यावरचा 'शै' मी ओळखला. आमच्या घरचं मत श्रीकांतनं टाकलं होतं! माझ्या नवऱ्यानं! घरी येऊन मी भांडी आपटली, तर हा गृहस्थ म्हणतो, 'अगं, आराखडा तुझाच चांगला होता. पण उद्या काही झालं तर आपण आराखड्याकडे धावणार का शैलाकडे?' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात आमची केतकी, आठ वर्षांची. टीव्हीवर घोड्यावरचे सिनेमे बघून तिनं तुझं नाव 'शेरीफ' ठेवलं, आणि सोनेरी कागदाची चांदणी कापून तुझ्या कोटाला लावून आली. माझी पोर, माझी कात्री आणि कागदसुद्धा माझ्याच कपाटातला!

तुझी योजना ऐकून तर मी तोंडात पदर कोंबून हसले होते. वाटी! सुरक्षेची योजना काय, तर स्टीलची झाकणाची वाटी. प्रत्येक मजल्याला एक. रोज दुपारच्या, असरच्या बांगेनंतर वाटी पहिल्या घरातून निघायची आणि चार घरं फिरून सूर्यास्ताच्या, मगरिबच्या बांगेआत परत यायची. मिळालेलं काढून घ्यायचं आणि आपल्याकडचं काहीतरी घालून पुढे द्यायचं, मग ते चार शेंगदाणे का असेनात. रिकामी वाटी परत करायची नाही, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागतं? वाटी जिथे अडकेल ते दार ठोठवायचं, संपलं. चौथ्या मजल्यावर ती तुझ्याकडून निघायची, मग माझ्याकडे, माझ्याकडून इजिप्तच्या उम्म करीमकडे, तिच्याकडून नर्समुलींच्या फ्लॅटमध्ये, आणि परत तुझ्याकडे. मी म्हटलं, हे काय हळदीकुंकू आहे का? आठ दिवसांत बंद पडेल.

आठ दिवसांत बंद नाही पडली. उम्म करीम त्या वाटीत खजूर घालायची, नर्समुली पायसम घालायच्या. ज्या बाईला मी दोन वर्षं लिफ्टमध्ये नुसती मान हलवत होते, तिचं पोट कशानं बिघडतं हेही मला कळायला लागलं. त्या नर्समुली ड्यूटीवरून किती वाजता येतात हे मजल्याला कळलं, तसं थांब्यावर त्यांना घ्यायला कोणी ना कोणी उभं राहू लागलं. अब्दूसुद्धा जायचा. इमारतीत पुन्हा चोरी झाली नाही. बाकीच्या मजल्यांवरही वाट्या फिरत होत्या. म्हणून मी काय केलं माहीत आहे? अर्थात माहीत आहे. पहिल्याच महिन्यात एके दिवशी मी मुद्दाम वाटी अडवली. फ्रिजमध्ये ठेवून दिली आणि घड्याळ बघत बसले. बघू कोण येतंय. कोणी आलं नसतं तर पुढच्या सभेत मी तोंड वर करून सांगणार होते.

उम्म करीमनं तुला कळवलं असणार, वीस मिनिटांत तू दारात. हात कणकेनं भरलेले, तसेच घेऊन आलेली. 'बरी आहेस ना गो नलू?' मी म्हटलं, विसरले, डोकं दुखत होतं. तू आत आलीस, पाणी प्यायला म्हणून आपल्या हातानं फ्रिज उघडलास. समोरच वाटी. तू बाटली काढलीस, पाणी प्यायलीस, फ्रिज लावलास आणि माझ्या कपाळाला बाम चोळून गेलीस. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तुझा हा मोठेपणा माझ्या डोळ्यांत कायम खुपत आला.

मोठेपणाच म्हणते, कारण नाशिकला माझी आई गेली तेव्हाचं मी विसरलेले नाही. माझे कागद ऑफिसात अडकलेले, जायला मिळेना. तू रजा टाकून दिवसभर माझ्याकडे बसलीस. 'असं असतं, तसं असतं' काही बोलली नाहीस. भांडी घासलीस, केतकीला जेवू घातलंस, आणि मी आईच्या त्याच त्या चार गोष्टी सांगत राहिले त्या तू दहादा ऐकल्यास. इतक्या दुःखातही मला दिसलं की माझ्या कढया तू माझ्यापेक्षा लख्ख घासल्या आहेत. आभार मानायचे राहिले. आज मानते, घे.

आणि मग ते सायरनचे दिवस. शेजारी इराकात लढाई सुरू झाली, शाळा बंद झाल्या. मी सेफ्टीवाली बाई, मी आमच्या बेडरूमच्या खिडक्यांना प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी लावून खोली हवाबंद केली होती. पाणी, बिस्किटं, टॉर्च, सगळी तयारी. फक्त एक गोष्ट राहिली. सायरन वाजला तेव्हा मी कुवेत सिटीत ऑफिसात, श्रीकांत रिफायनरीत, आणि अकरा वर्षांची पोर घरात एकटी. फोन लागेना. रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलानं चाललेल्या. दोन तास मी स्टिअरिंगवर डोकं आपटत होते. घरी पोचले तर दारावर तुझी चिठ्ठी: 'केतकी माझ्याकडे आहे.' घरी कोणी नसलं तर धावायचं म्हणून तू प्रत्येक मुलाला एक 'दुसरं दार' ठरवून दिलं होतंस, आणि त्याचा सरावसुद्धा करून घेतला होतास.

तुझ्या घरात शिरले तर तुम्ही दोघी न्हाणीघरात उलट्या बादल्यांवर बसून अंताक्षरी खेळत होतात. केतकीनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'आई, वेट, आय ॲम विनिंग.' ती उठली नाही. तुझ्या गुडघ्यावर तिचा हात तसाच होता. माझी मुलगी सुखरूप होती, शैला, आणि मला आनंद व्हायच्या आधी राग आला. मी तुला म्हटलं, 'दुसऱ्याच्या मुलीला परस्पर घेऊन जातात का?' तू म्हणालीस, 'चिठ्ठी ठेवली होती गो.' मी म्हटलं, मी नाही बघितली. हातात चुरगाळलेली होती ती, तुला दिसत होती.

यावर आपलं भांडण कधी पूर्ण झालंच नाही. मी म्हणायचे, माणसांवर भरवसा ठेवून व्यवस्था चालत नाहीत, माणूस रुसतं, विसरतं, दमतं. तू म्हणायचीस, 'रुसलेलं माणूससुद्धा दार वाजवतं, बघ तू.' मी म्हणायचे, सगळी माणसं तुझ्यासारखी नसतात. तू हसायचीस आणि 'असतात गो' म्हणायचीस. मी बरोबर होते, शैला. मी बरोबर ठरू नये यासाठी आज मी काय वाटेल ते देईन.

तुझ्या शेवटच्या रविवारचं आता. केतकीची दहावी तोंडावर आलेली, आम्ही तिला पुण्याला इंजिनिअरिंगच्या वाटेला लावायचं ठरवून बसलेलो. तिला मात्र तुझ्यासारखं लॅबमध्ये काम करायचं आहे, हे मला तुझ्याकडून कळलं. तुला दोन महिने आधीपासून माहीत! मी तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहून वाट्टेल ते बोलले. 'निवडणुकीत मतं मिळवता येतात, मुली नाहीत. तुला मूल नाही म्हणून माझं ओढायला बघतेस.' हे वाक्य बोलले मी. ओट्याजवळ तू कोथिंबीर निवडत होतीस. हात थांबले, परत सुरू झाले. 'बरं,' एवढंच म्हणालीस. आपलं शेवटचं बोलणं ते. सोमवारी तू दाराशी वाटी ठेवलीस, बेल वाजवलीस आणि मी दार उघडायच्या आत निघून गेलीस. मी म्हटलं, जा. किती दिवस फुगून बसतेस बघते.

मंगळवारी असरची बांग झाली. वाटी आली नाही. पंधरा मिनिटं, अर्धा तास. नियम मला पाठ होता, इतरांना मीच तर ऐकवायचे. वाटी आली नाही तर पुढच्या घरानं मागच्या घराचं दार वाजवायचं. पुढचं घर म्हणजे मी. तुझं दार माझ्या दारापासून सहा पावलांवर. आणि मला काय वाटलं? मला आनंद झाला, शैला. शेरीफबाईंनी आपलाच नियम मोडला! सात वर्षांत पहिल्यांदा! श्रीकांतला ऑफिसात फोन करून सांगितलंसुद्धा, 'बघ, तुझी शैला रुसून बसली, वाटी नाही पाठवली.' तो म्हणाला, 'जाऊन ये ना.' मी म्हटलं, 'मी का जाऊ? गरज असेल तर ती येईल.' मग मी चहा केला. टीव्ही लावला. मधे एकदा दारापर्यंत गेले, कडीला हात लावला, आणि माघारी फिरले.

मगरिबची बांग व्हायच्या सुमारास बेल वाजली. उम्म करीम उभी. ती बाहेरून नुकतीच परतली होती, आणि माझ्याकडून तिला वाटी गेली नव्हती ना, म्हणून माझी चौकशी करायला आली होती. मी हसून सांगितलं, माझ्याकडेच आली नाही. ती हसली नाही. तिनं मला बाजूला सारलं, चपला न घालता तुझ्या दाराशी गेली आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागली. अब्दू किल्ली घेऊन धावत आला. तू ओट्याखाली पडलेली होतीस. ओट्यावर वाटी भरून, झाकण लावून ठेवलेली. झाकण मी उचललं. बेदाणे घातलेला शिरा होता, केतकीला आवडतो तसा. माझे ते शब्द ऐकून दोन दिवस झाले होते, आणि तू शिरा केला होतास.

डॉक्टर म्हणाले, हृदय. किती वाजता ते नेमकं सांगता येत नाही. मी चारचारदा विचारलं. लवकर कळलं असतं तर, असं म्हटलं, तर ते म्हणाले, 'कदाचित. कदाचित नाहीही.' त्या 'कदाचित'सकट मला आता जगायचं आहे. श्रीकांतला सगळं माहीत आहे. केतकी तुझ्या दाराकडे बघत शाळेत जाते. मला बिलगून रडली, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ही आपली आहे, आणि पुढच्याच क्षणाला लाज वाटली.

येत्या शुक्रवारी बेसमेंटमध्ये सभा आहे. प्रभाकरभावजी तुझे दिवस करून गुरुवारी गावाहून परत येतात. मी त्यांना आधी सांगणार, मग खाली जाऊन सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार. त्यानंतर मला प्रमुख करायचं की इमारतीतून घालवायचं, ते त्यांनी ठरवावं. माझं म्हणणं, उम्म करीमला करावं. मराठी येत नाही तिला, पण बिघडलं कुठे?

एक गोष्ट मात्र मी अजून कोणाला सांगितलेली नाही. तुला गावी न्यायचं विमान निघायच्या आदल्या दिवशी मी भावजींची बॅग भरत होते. ते पलंगावर बसून होते, आपल्याशीच बोलल्यासारखं बोलत होते. म्हणाले, 'मंगळवारी सकाळीच तिला छातीत भरल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, आज जात नाही कामाला. तर हसली. म्हणाली, तुम्ही जा. शेजारी नलू आहे. रागावलीय माझ्यावर, पण वाटी पाच मिनिटं चुकू दे, भांडायला तरी येईलच ती.'

शैला, मी भांडायलासुद्धा आले नाही.